धाकटीच्या अंगठ्यातलं हाड

आमच्या लग्नात होमाजवळ सहाण मांडली होती. नवऱ्यानं नवरीच्या उजव्या पायाचा अंगठा धरायचा आणि तिचं पाऊल त्या दगडावर ठेवायचं, अशी रीत. मी नऊ वर्षांची होते. अंगठा हातात घेतल्याबरोबर इकडून दचकून माझ्याकडे पाहणं झालं, एवढंच मला आठवतं. पुढं पुष्कळ वर्षांनी मी धीर करून विचारलं तेव्हा सांगणं झालं, "नखाखाली खडा अडकलाय असं वाटलं. काढावा की काय, या विचारात होतो. तेवढ्यात भटजी पुढं गेले."

तो खडा नव्हता. नखाच्या मुळाशी एक टणक उंचवटा मला पाच-सहा वर्षांची असल्यापासून होता. आधी जोंधळ्याएवढा, मग तुरीएवढा. मी वाढले तसा तोही सावकाश वाढला आणि माझी वाढ थांबली तसा तोही थांबला. दुखायचा नाही. नख मात्र मुळापासून उचलून कौलासारखं बाकदार झालं होतं. आजी म्हणायची, "देवानं हिला एक हाड जास्त दिलं, असू द्या." आमच्या वऱ्हाडातल्या गावात त्याचा एवढाच विचार झाला. शाळेचाही असाच. मुलांच्या शाळेच्या ओट्यावर बसून मी दुसरं पुस्तक निम्मं केलं, तोवर लग्न ठरलं आणि पाटी घरी आली ती आलीच.

ठाण्याला नांदायला आले तेव्हा मी तेरा वर्षांची. माहेर म्हणजे एक अख्खी रात्र नि अर्धा दिवस आगगाडी आणि पुढं दिवसभर बैलगाडी. चार वर्षांत वडील एकदा आले. सासर चांगलं होतं, हे मी आधीच सांगून ठेवते. मामंजी कोर्टात कारकून, इकडची नोकरी कचेरीत. पोटभर जेवण, अंगावर हात टाकणारं कुणी नाही. बरोबरीच्या मुलींची गाऱ्हाणी विहिरीवर ऐकली की मी घरी येऊन देवापुढं दोनदा डोकं टेकायची. तरी मनात सदा धाकधूक. मी काही बोलायला गेले की तोंडातून 'काहून' यायचं आणि सासूबाई म्हणायच्या, "काहून-फाहून तिकडं ठेव हो. इथं 'का' म्हणतात." त्या चिडून म्हणत नसत. पण मी बोलणंच कमी केलं. पदरात मूल नव्हतं. कुठल्या कारणानं मला परत पाठवतील, हाच विचार स्वयंपाक करताना, केर काढताना चालू असायचा.

मग धाकटी आली. माझ्या धाकट्या दिरांची, म्हणजे पोस्टात नोकरीला असलेल्या भाऊजींची, बायको. तिचं माहेर कल्याणचं, म्हणजे गाडीनं घटकाभराचं. वडील तिथल्या शाळेत पंतोजी. ही एकुलती एक, त्यांनी तिला घरी बसवून पाचव्या पुस्तकापर्यंत शिकवलेली. येताना तिच्या पेटीत चार पुस्तकं होती. मला वाटलं, आता सासूबाई काहीतरी बोलणार. सासूबाईंनी ती पुस्तकं पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी म्हणाल्या, "धाकटे, ती शिवलीलामृताची पोथी घे गं. माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही." तेव्हापासून दुपारी धाकटी पोथी वाचायची, सासूबाई वाती वळायच्या आणि मी मागच्या पडवीत भांडी घासता घासता ऐकायची. तिचं वाचणं कुठं अडायचं नाही. अडावं, म्हणून मी वाट बघायची.

दर पंधरा दिवसांनी तिचे वडील यायचे. शहाडकडच्या कुणाच्या तरी मळ्यातली वांगी, कधी काकड्या, एका खेपेला नुसतं लिंबाचं लोणचं. ओटीवर बसून विचारायचे, "आमची पोर त्रास देत नाही ना?" धाकटी दाराआडून हसायची. मी आत चहाचं आधण ठेवायची आणि ते उतू जायचं.

तिचे अनवट मी विसरणार नाही. अंगठ्यात घालायचे ते जाड चांदीचे, वर कमळ कोरलेलं, चालली की बारीक वाजायचे. माझे अनवट म्हणजे तारेसारखे. ते चिरलेले होते, बोटावर दाबून बसवायचे. तिचे अखंड. एकदा ती न्हायला गेली तेव्हा कोनाड्यात काढून ठेवले होते. मी एक घालून पाहिला. नखाच्या उंचवट्यापाशी अडकला, पुढंही जाईना, मागंही येईना. ती केस पुसत आली तेव्हा मी जमिनीवर बसून अंगठ्याशी झटापट करत होते. तिनं विचारलंही नाही. खोबरेल आणलं, अंगठ्याला चोळलं, वळवून वळवून काढला.

"अगंबाई वहिनी, हे काय आहे नखाखाली? दुखतं?"

"नाही. लहानपणापासूनचं आहे."

"माझे सैल करून आणू का सोनाराकडून? दोघी घालू आळीपाळीनं."

मला तिचा राग आला. रागवायला जागा ठेवली नाही म्हणून जास्तच आला.

त्या श्रावणात एका शुक्रवारी जेवायला बोलावलेल्या सवाष्णीकडं सुतक निघालं. ऐनवेळी दुसरी कोण मिळणार? सासूबाई म्हणाल्या, "थोरली आहे की. ती का सवाष्ण नव्हे?" मला पाटावर बसवलं. धाकटीनं माझे पाय दुधापाण्यानं धुतले, पुसले, हळदकुंकू लावलं. तिच्या माहेरी सवाष्णीच्या पायाचं पाणी डोळ्यांना लावून थेंबभर तोंडात घ्यायची रीत. तिनं तेही केलं. मला फार बरं वाटलं, ते लपवत नाही. वर्षभरात पहिल्यांदा ती खाली आणि मी वर होते.

यानंतर महिना गेला नाही तोच गौरी आल्या. पुरण वाटून झालं आणि पाटा धुऊन भिंतीशी उभा करायचा होता. आमचा पुरणाचा पाटा काळ्या दगडाचा, दोघींनी दोन्ही टोकं धरल्याशिवाय हलायचा नाही. आम्ही उचलला. सकाळीच तिचे वडील गौरीचं वाण देऊन गेले होते. पाटा हातात असतानाच ती सांगत होती, "बाबा म्हणाले, दिवाळीला न्यायला येतो. आठ दिवस ठेवून घेणार म्हणाले. आई आत्तापासून अनारशांचं पीठ करतेय. वहिनी, तुम्हाला कधी न्यायला येणार हो?"

तिनं साधं विचारलं होतं. मला कुणी न्यायला येणार नव्हतं. भिंतीपर्यंत अजून दोन पावलं होती. "थांबा हं, माझा हात निसटतोय," असं ती म्हणाली ते मी ऐकलं, आणि माझ्या बाजूचं टोक खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे सोडलंच. सगळा भार तिच्याकडं गेला आणि पाटा तिच्या उजव्या अंगठ्यावर आला.

ती ओरडली नाही. खाली बसली, पाय हातात धरून. नखाखाली रक्त साकळलं होतं, पाट्याच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता. मी आधी तो टवका उचलला. पायाकडं नंतर पाहिलं.

"सासूबाईंना सांगू नकोस," मी म्हणाले. "मला पाठवून देतील."

"कुठं पाठवतील?"

"घरी."

तिला ते कळलं नाही. तिच्या लेखी घरी पाठवणं म्हणजे अनारसे. पण माझं तोंड पाहून म्हणाली, "नाही सांगत. आधी हळद तरी आणा."

तिनं सांगितलं नाही. आठ दिवस काम करताना लंगडत नसे, कुणी बघत नसलं की लंगडायची. नख काळं पडलं ते अनवटाच्या कमळाखाली झाकायचा प्रयत्न करायची. पाट्याचा टवका गेलेला सासूबाईंना चार दिवसांनी दिसला. "जुनाच असेल," असं मीच म्हणाले.

दिवाळीत ती माहेरी जाऊन आली तेव्हा नखाचं पुढचं टोक वर उचललं होतं आणि त्याखालून एक गुलाबी गाठ डोकावत होती. हरभऱ्याच्या डाळीएवढी, दगडासारखी टणक. माझी गाठ इतकी व्हायला दहा वर्षं लागली होती. हिची दोन महिन्यांत झाली. अनवट घालवेना, पाऊल टाकलं की कळ यायची. आता लपण्यासारखं राहिलं नाही.

सासूबाईंनी पाय मांडीवर घेऊन पाहिलं. आधी म्हणाल्या, "नखुरडं." शेजारच्या काकूंनी डोकावून सांगितलं, "नखुरडं कसलं, चामखीळ ती. बिब्बा घाला." बिब्बा घातला, आजूबाजूची कातडी फोडांनी भरली, गाठ होती तशीच. न्हावी आला, म्हणाला, "कुरूप आहे, तासून काढतो." त्याच्या नराणीचं टोक गाठीवर टेकलं आणि खटकन वाजलं. त्यानं हत्यार पुसून पेटीत ठेवलं. "हे हाड आहे आईसाहेब. हाडाला आम्ही हात लावत नाही."

हाड म्हटल्यावर सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं माझा अंगठा त्यांच्यासमोर होता, पण बघितलं त्या दिवशी. माझा पाय ओढून धाकटीच्या पायाशेजारी ठेवला. दोन उजवे अंगठे, दोन्ही नखांखाली हाड.

"तेच हे," त्या म्हणाल्या. "थोरलीचंच. सवाष्ण म्हणून बसवली नि हिनं त्या पायाचं तीर्थ घेतलं. त्यातून गेलं."

धाकटी हसली. "आई, पाण्यातून हाड कसं जाईल?"

"तू गप्प. पोथीत सगळंच लिहिलेलं नसतं."

काकूंनी ही बातमी विहिरीवर नेली. तिसऱ्या दिवशी मी कळशी भरायला गेले तर दोघी-तिघींनी लुगडी आवरून घेतली. एक म्हणाली, "जरा कडेनं हो बाई, ओल्यात पाऊल नको उमटवूस." घरी न्हाणीत मी शेवटी जायचं ठरलं. मी न्हाऊन निघाले की जमिनीवरची माझी पावलं धाकटीच पाणी ओतून धुवायची, कारण सासूबाईंना वाकवत नसे. ती ओतताना म्हणायची, "मला तर झालंच आहे, आता दुसऱ्यांदा काय होणार?" हे ती मला हसवायला म्हणायची. मला हसू येत नसे. या आजाराचं खरं कारण ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच होतो, आणि ती माझी पावलं पुसत होती.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी मामंजींना पत्र लिहायला सांगितलं. मी चुलीपाशी होते, मला ऐकू येईल अशाच बेतानं बोलणं चाललं होतं. "तिच्या वडलांना लिहा. पायाला हा रोग आहे, लग्नात सांगितला नाही. घेऊन जा, बरा झाला की आणा."

"बरा झाला की म्हणजे कधी?" मामंजींनी विचारलं.

"ते त्यांनी बघावं."

माझ्या अंगठ्यातलं हाड मला जन्मभर सोडणार नव्हतं. म्हणजे मी जायचं ते कायमचं. मामंजींनी पत्र लिहिलं, घडी घालून कोनाड्यात ठेवलं. भाकरी करताना मला तो कोनाडा दिसायचा. इकडून चार दिवस काहीच बोलणं नाही. पाचव्या दिवशी कचेरीतून आल्यावर मामंजींना सांगणं झालं, "सिव्हिल हॉस्पिटलात एक डॉक्टर आलेत मुंबईहून. आपल्यातलेच आहेत. पत्र टाकायच्या आधी त्यांनी दोन्ही पाय पाहू देत." सासूबाई म्हणाल्या, बायकांचे पाय परक्यानं पाहायचे? इकडून सांगणं झालं, "पायच पाहतील. बाकीचं पडद्याआड." माझ्यासाठी इकडून आईपुढं बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आजही ते आठवलं की डोळे भरतात.

रविवारी सकाळी माजघराच्या दारात धोतर बांधलं. आम्ही दोघी आत शेजारी शेजारी पाटांवर बसलो, उजवे पाय धोतराखालून बाहेर. सासूबाई मागं उभ्या. डॉक्टर ओटीवरून आत आले ते आम्हाला दिसले नाहीत, बुटांचा आवाज मात्र चौकटीशी थांबला. बूट काढले असावेत. सासूबाईंनी मान हलवली.

"थोरल्या कोणत्या?" आवाज तरुण होता.

खरं तर सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. तरी मामंजी मोठ्यानं म्हणाले, "थोरली कोणती, असं विचारताहेत." सासूबाई आतून म्हणाल्या, "डावीकडची, म्हणावं." मामंजी म्हणाले, "डावीकडची."

परक्या माणसाची बोटं अंगठ्यावर आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. बोटं थंड होती, कसल्यातरी उग्र औषधाचा वास येत होता. त्यांनी माझं नख दाबलं, बाजूनं दाबलं, बोटाचं पेर वाकवून पाहिलं. मग धाकटीचं. ती 'स्स' म्हणाली. मग पुन्हा माझं, पुन्हा तिचं. इतका वेळ माझ्या पायाला कुणी दिला नव्हता. आणि तिच्याकडं जास्त वेळ जातोय, हे मी मोजत होते, हे लिहायलाही लाज वाटते.

"ही दोन्ही हाडंच आहेत," ते म्हणाले. "वाईट रोग नाही दोघींनाही. कुजणारं, पसरणारं काही नाही. पण दोन्ही एक नाहीत."

सासूबाई मामंजींची वाट न बघता बोलल्या, "एक नाहीत म्हणजे? दिसतात तर एकसारखी."

"वरून दिसतात. हे बघा, यांचं हाड नखाच्या मुळाशी उगवलंय, जिथून बोटाचं हाड वाढतं तिथून. म्हणून नख मुळापासून उचललंय. लहानपणापासून आहे का?"

मामंजी म्हणाले, "लहानपणापासून आहे का, विचारताहेत."

मी मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, "हो म्हणतेय."

"आणि आता वाढत नाही. बरोबर. बोटाबरोबर वाढलं, बोटाबरोबर थांबलं. त्याला हात लावू नका. आणि या दुसऱ्यांचं अगदी टोकाशी आहे, नखाला पुढून उचलतंय. नवीन आहे, भराभर वाढलंय, दुखतंय. असं हाड बहुतेक मार लागल्यावर येतं. काही आपटलं होतं का बोटावर?"

मी सगळं ऐकत होते आणि गाठीतलं सूत उलगडावं तसं मला दिसत गेलं. दोन्ही एकच असती, तर माझ्या पायातून तिला गेलं असं ठरून मी गेले असते. दोन वेगळी निघाली, तर तिचं माराचं, आणि मार माझा.

"काही नाही हो आपटलं," सासूबाई म्हणाल्या. "ते तीर्थातून आलंय. या घरात राहून मला कळलं नसतं?"

"तसं असेल तर मी नक्की सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "मार लागल्याशिवायही क्वचित येतं. आणि वेगळंच आहे हे शपथेवर सांगायचं तर कापून पाहावं लागेल."

सासूबाईंचा श्वास माझ्या मानेवर आला. म्हणजे पत्र जाणार. धाकटीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त विचारत होती, सांगू का? तिनं शब्द दिला होता आणि तो माझ्याकडून परत मागत होती. मी बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी माझ्या अंगठ्याकडं बघत बसले.

मग ती थेट परक्या माणसाशी बोलली, मामंजींच्या देखत. "पाटा पडला होता. गौरींच्या वेळी. माझ्या हातून सुटला."

सासूबाईंनी विचारलं, "कोणता पाटा?"

"पुरणाचा."

"एकटीनं उचललास?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"टवका उडाला म्हणून भ्याले."

डॉक्टर म्हणाले, "झालं तर मग. काढून टाकू. मुळासकट काढावं लागेल, नाहीतर पुन्हा येतं." काय काय तयारी लागेल ते ते सांगू लागले. मामंजींना कागद सापडेना, तेव्हा त्यांनी कोनाड्यातलं माझ्या वडलांना लिहिलेलं पत्र काढलं आणि त्याच्या पाठीवर लिहून घेतलं. उकळलेलं पाणी, जुनं स्वच्छ धोतर, उजेडाची जागा. शाई पलीकडं फुटलेली मी धोतराच्या फटीतून पाहिली. ते पत्र आता कुठंही जाण्यासारखं राहिलं नव्हतं.

चार दिवसांनी मागच्या पडवीत, उन्हात, तिला औषध हुंगवून ते हाड काढलं. नखाचा पुढचा भाग आधी कापला. भाऊजींनी पाय धरायचा होता, त्यांनाच घेरी आली. शेवटी सासूबाईंनी धरला, तोंड दुसरीकडं करून. नंतर सगळं घर गोमूत्रानं शिंपडलं, स्वतः न्हाल्या, पण धरला त्यांनी. हाड बशीत ठेवून डॉक्टरांनी इकडच्या स्वारीला दाखवलं. मी दाराआडून पाहिलं. हरभऱ्याची डाळ. वर पांढरट, चिवट टोपी, शहाळ्याच्या देठाशी असते तसली.

"पाहिलंत?" डॉक्टर सांगत होते. "ही माराची खूण. तुमच्या मंडळींचं कापलं असतं तर टोपी ताडगोळ्यासारखी निघाली असती, निळसर आणि चकचकीत. आता मी शपथेवर सांगतो, दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही."

इकडून हे सासूबाईंना दोनदा सांगणं झालं. त्या एवढंच म्हणाल्या, "ते हाड घरात नको, खाडीत टाकून या." माझी न्हाणीतली पाळी दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखी झाली. विहिरीवर सासूबाई स्वतः माझ्याबरोबर आल्या आणि काकूंच्या देखत माझ्या पायावर घागरभर पाणी ओतून त्याच ओल्यातून चालत गेल्या.

धाकटी तीन आठवडे पलंगावर होती. तिचे वडील एक दिवसाआड यायला लागले. भाऊजी पोस्टातून परस्पर येऊन तिच्यापाशी बसायचे. सासूबाई तिच्यासाठी शिरा करायच्या, तो मी वाढून न्यायची. माझ्यामुळं पडून राहिलेल्या मुलीचा, पडून राहायला मिळालं म्हणून, मी हेवा करत होते. माणसाचं मन इतकं खाली जाऊ शकतं हे मला कुठल्या पोथीनं सांगितलं नव्हतं.

एका दुपारी ती म्हणाली, "वहिनी, बसून बसून कंटाळा येतो. तुमचं दुसरं पुस्तक कुठवर झालं होतं?"

"निम्मं."

"मग उरलेलं निम्मं करू या."

मी नाही म्हणणार होते. पण तिनं पाटी आधीच मागवून ठेवली होती. त्या तीन आठवड्यांत मी दुसरं पुस्तक संपवलं आणि मग पाच वर्षांत हळूहळू तिची सगळी पुस्तकं. हे जे लिहितेय ते तिच्या वळणाचं अक्षर आहे. तिचा 'ळ' जसा शेपटीला वळतो तसा माझा काही केल्या वळत नाही, आणि ते मला अजून खुपतं.

त्या पाट्याचं मात्र धाकटीच्या नावावर लागलं. दर सणाला पुरण वाटायची वेळ आली की सासूबाई म्हणायच्या, "सांभाळून हो, आमच्याकडं एकटीनं पाटा उचलणारी सून आहे." लेकी माहेरपणाला आल्या की त्यांना सांगायच्या. व्याह्यांनाही सांगितलं. ते गोरेमोरे होऊन म्हणाले, "पोर थोडी धांदरट आहे खरी." ती दरवेळी हसायची. मी दरवेळी चुलीत फुंकर मारायची. पुढं मला मुलगा झाला, तिला दोन मुली झाल्या, ठाण्यात नवी घरं उठली, आणि हा टोमणा चालूच.

शेवटी एका गौरीला माझ्यानं राहवेना. सासूबाई एकट्या बसून तांदूळ निवडत होत्या. धाकटी कल्याणला गेली होती, तिचे वडील आजारी होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "पाटा तिनं एकटीनं नव्हता उचलला. दुसरं टोक माझ्या हातात होतं. मी सोडलं."

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पडद्याआड बोलली तेव्हाच. तो पाटा मला तरणेपणी एकटीला हलला नाही. त्या चिमणीला हलणार होता?"

"मग मला पाठवलं काहून नाही?" इतक्या वर्षांनी तोंडातून पुन्हा तेच निघालं.

"का, म्हणावं," त्या सवयीनं म्हणाल्या. मग हात थांबवून माझ्याकडं बघितलं. "ज्या पोरीचं बोट फुटलं तीच तुझं नाव घेत नाही, तर मी कोण? तिला तू हवी होतीस घरात. म्हणून ठेवली."

"मग इतकी वर्षं तिला का बोलत होतात?"

"तिला कुठं बोलत होते? तू कधी तोंड उघडतेस ते बघत होते. बरीच घट्ट आहेस."

मी या घरात राहिले ती धाकटीमुळं, हे त्या दिवशी मला कळलं. मी रडले. थोडी कृतज्ञतेनं रडले, आणि खरं सांगायचं तर थोडी यासाठीही, की ठेवायचं तर मला माझ्यासाठी ठेवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. सासूबाईंनी सूप माझ्याकडं सरकवलं. "रडायचं ते निवडता निवडता रड. संध्याकाळ होईल."

धाकटी परत आल्यावर मी तिला सांगितलं, की मी बोलले. ती म्हणाली, "बरं झालं. मला धांदरट ऐकून कंटाळा आला होता." मग पुरण वाटलं आणि आम्ही पाटा उचलला. आता उचलण्याआधी ठरवून घेतो, कुणी आधी टेकवायचा. त्या दिवशी ती म्हणाली, "आधी मी," आणि मी शेवटपर्यंत धरून ठेवला.

खाली वाकले तेव्हा आमची पावलं शेजारी शेजारी होती. माझं नख अजून कौलासारखं आहे. तिचं कापलेलं नख केव्हाच पुन्हा आलं होतं, अगदी सपाट आणि गुलाबी. डॉक्टर म्हणाले होते, वाकडं येईल. आलं नाही.